नियंत्रित हवाई क्षेत्र ओलांडताना कंट्रोलरशी कसं बोलावं: खासगी वैमानिकासाठी सविस्तर मार्गदर्शन

नियंत्रित हवाई क्षेत्र, म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलरच्या देखरेखीखालचं आकाश, वाटेत आलं की बरेच नवे वैमानिक नकाशावर लांबचा वळसा आखून मोकळे होतात. इंधन जास्त जातं, वेळ जातो, वळशाच्या वाटेवर कधी डोंगर आडवे येतात तर कधी ढग खाली उतरलेले असतात. तरीही रेडिओवर बोलायची वेळ टळली याचंच समाधान मोठं वाटतं. खरं म्हणजे हे बोलणं दोन-तीन मिनिटांचं असतं आणि त्यातलं बहुतेक आधीच ठरलेलं असतं. घोटाळा होतो तो एका गृहीतकामुळे. कंट्रोलरने आपलं ऐकलं म्हणजे त्याने आपल्याला आत घेतलं, असं वैमानिक धरून चालतो. ऐकणं वेगळं आणि परवानगी वेगळी. खालच्या जवळजवळ प्रत्येक पायरीचं कारण या फरकात आहे.

समोरचं आकाश कुठल्या वर्गातलं आहे?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, हवाई क्षेत्राचे ए ते जी असे सात वर्ग केले आहेत. त्यातले ए ते ई नियंत्रित, एफ आणि जी अनियंत्रित. बाहेर बघून उडणाऱ्याला, म्हणजे व्हीएफआर विमानाला, ए वर्ग बंद असतो, त्यामुळे तिथे विनंती करण्यात अर्थ नाही. बी, सी आणि डी वर्गात शिरण्याआधी परवानगी लागते आणि आत असेपर्यंत दुतर्फा रेडिओ संपर्क ठेवावा लागतो. ई वर्ग नियंत्रित असला तरी व्हीएफआर विमानाला तिथे परवानगी लागत नाही.

देशोदेशी या नियमांत फरक आहेत आणि त्यातला एक चांगलाच महागात पडू शकतो. अमेरिकेत सी आणि डी वर्गासाठी दुतर्फा संपर्क झाला की पुरतं. कंट्रोलरने तुमचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव, उच्चारून नुसतं ‘स्टँडबाय’ (थांबा) म्हटलं तरी संपर्क झाला असं मानतात. बी वर्गासाठी मात्र तिथेही ‘क्लिअर्ड’ हा शब्द कानावर पडावाच लागतो. याच सवयीने कोणी युरोपात उडायला गेला आणि ‘स्टँडबाय’ ऐकून डी वर्गात शिरला, तर तो सरळसरळ विनापरवाना घुसलेला असतो. परक्या देशात पहिल्यांदा उडताना बाकी काही वाचायचं राहिलं तरी चालेल, पण हे तपासून घ्या.

वर्गामुळे आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे आत गेल्यावर तुम्हाला दुसऱ्या विमानांपासून कोण लांब ठेवणार. बी वर्गात कंट्रोलर सगळ्यांनाच एकमेकांपासून अंतरावर ठेवतो. सी वर्गात तो तुम्हाला आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या, विमानांपासून अंतरावर ठेवतो, पण दुसऱ्या व्हीएफआर विमानाची फक्त माहिती देतो. डी वर्गात व्हीएफआर विमानाला कोणापासूनच अंतर राखून दिलं जात नाही. माहिती मिळते, टाळायचं तुम्ही. परवानगी मिळाली की आता सगळी काळजी कंट्रोलरची, अशी समजूत घेऊन डी वर्गात जाणारे कमी नाहीत.

जमिनीवर करायचं काम

चार्टवर आपली रेघ ओढा आणि ती नियंत्रित क्षेत्राची हद्द नेमकी कुठे ओलांडते तिथे खूण करा. कंट्रोल झोन, म्हणजे विमानतळाभोवतीचं नियंत्रित क्षेत्र, थेट जमिनीपासून सुरू होतो. त्याच्याभोवतीचे टर्मिनल भाग एका ठरावीक उंचीपासून सुरू होतात, त्यामुळे त्यांच्या खालून जाता येतं. पण खालून जायचं तर अल्टिमीटरवर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणावर, भिस्त असते. दाबातला एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण २७ फूट. खरं क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा दाब, १०१३ असताना तुम्ही चुकून १००३ लावलं असेल, तर काट्यावर २४०० फूट दिसतील आणि विमान जवळपास २६७० फुटांवर असेल. वरच्या भागाचा तळ २५०० फुटांवर असेल तर तुम्ही आत शिरलेले आहात आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. ब्रिटनमध्ये यासाठी ‘टेक टू’ असा सल्ला देतात: हद्दीपासून आडवं दोन नॉटिकल मैल आणि उभं २०० फूट अंतर ठेवा. सल्ला कुठेही पाळण्यासारखा आहे.

मग वाट निवडा. विमानतळ टाळून झोनच्या कडेकडेने जावं असं सहज मनात येतं. नेमकी तिथेच धावपट्टीच्या रेषेत उतरणारी आणि उडालेली विमानं तुमच्या उंचीवर येण्याची शक्यता असते. त्यापेक्षा धावपट्टीच्या मध्यावरून आडवं जाणं कंट्रोलरला बहुधा सोयीचं पडतं, कारण त्या जागी उतरणारं विमान जमिनीला टेकलेलं असतं आणि उडणारं अजून खालीच असतं. म्हणून ‘व्हाया द ओव्हरहेड’, म्हणजे विमानतळाच्या डोक्यावरून, असं स्वतःहून मागायला बिचकू नका. चार्टवर दृश्य रिपोर्टिंग पॉइंट छापलेले असतील तर त्यांच्यावरूनच मार्ग आखा. पूल, तलाव, रस्त्यांचा मोठा छेद अशा ठरलेल्या खुणांचं नाव घेतलं की तुम्ही कुठून कुठे जाणार ते कंट्रोलरला एका वाक्यात कळतं.

नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, वाचा. झोनच्या आत किंवा त्याला लागून प्रतिबंधित किंवा धोक्याचे भाग आहेत का, तेही बघा. झोन ओलांडायची परवानगी मिळाली म्हणजे त्या भागांचीही मिळाली असं धरू नका. फ्रीक्वेन्सी दोन लिहून ठेवा, अप्रोच (विमानतळाकडे येणारी विमानं सांभाळणारा कंट्रोलर) आणि टॉवर, आणि ओलांडण्याच्या विनंत्या कोण घेतं ते माहितीपुस्तिकेत पाहून त्यापुढे खूण करा.

आणि वळशाची वाटही आखून ठेवाच. नकार मिळाल्यावर कुठे वळायचं, त्या वाटेला किती वेळ आणि किती इंधन लागेल, हे मांडीवरच्या नीबोर्डवर लिहिलेलं असलं की नकाराची धास्ती उरत नाही. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. मग नकार आला की वैमानिक एका हाताने विमान सांभाळत, दुसऱ्या हाताने चार्ट उलगडत हद्दीकडे सरकत राहतो.

पहिला कॉल

हद्दीच्या दहा नॉटिकल मैल किंवा पाच मिनिटं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, बोलायला सुरुवात करा. १०० नॉटच्या वेगाने दहा मैलांना सहा मिनिटं लागतात. फार आहेत असं वाटतं, पण त्यातलं एखादं मिनिट फ्रीक्वेन्सीवर मोकळी जागा मिळेपर्यंत जातं आणि दोन-तीन ‘स्टँडबाय’मध्ये जातात.

फ्रीक्वेन्सी लावल्यावर आधी ऐका. कोणाला प्रश्न विचारला गेला असेल तर त्याचं उत्तर होईपर्यंत थांबा, मधल्या शांततेत उडी मारू नका. हा रेडिओ एका वेळी एकालाच बोलू देतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी किंवा खरखर ऐकू येते. बटण दाबून क्षणभर थांबा आणि मग बोला, नाहीतर तुमच्या कॉल साइनचं पहिलं अक्षर कापलं जातं.

पहिल्या कॉलमध्ये तीनच गोष्टी हव्यात: कोणाला बोलावताय, तुम्ही कोण, काय हवंय.

‘अमुक अप्रोच, गोल्फ अल्फा ब्राव्हो चार्ली डेल्टा, रिक्वेस्ट झोन ट्रान्झिट.’

एवढंच. सगळी कहाणी पहिल्याच दमात सांगितली तर कंट्रोलर तेव्हा टॉवरशी फोनवर असेल आणि तुम्हाला ती पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागेल. मोकळा झाला की तो ‘पास युअर मेसेज’ म्हणेल. मग कॉल साइन, विमानाचा प्रकार, कुठून कुठे, आत्ताची जागा, उंची, विनंती, याच क्रमाने सांगा.

‘गोल्फ अल्फा ब्राव्हो चार्ली डेल्टा, सेसना वन सेव्हन टू, फ्रॉम अमुक टू तमुक, टेन माइल्स साउथ ऑफ साउथ लेक, टू थाउजंड फोर हंड्रेड फीट, क्यूएनएच वन झिरो वन फाइव्ह, व्हीएफआर, रिक्वेस्ट झोन ट्रान्झिट, साउथ लेक टू नॉर्थ ब्रिज व्हाया द ओव्हरहेड.’

हा मजकूर जमिनीवरच लिहून ठेवता येतो. जागा आणि उंचीसाठी गाळलेल्या जागा सोडा आणि बोलण्याआधी भरा. वाचून बोलण्यात कसलाही कमीपणा नाही. उच्चाराची लाजही बाळगू नका. आयकाओच्या भाषा-चाचणीत कामकाजासाठी चौथी पातळी पुरते, आणि त्या पातळीवर बोली उच्चार चालतो, फक्त समोरच्याला कळलं पाहिजे. खरी अडचण वेगाची असते. आयकाओने बोलण्याची मर्यादा मिनिटाला १०० शब्द ठेवली आहे. रेडिओवर घाईत बोलणारे बरेच जण ती सहज ओलांडतात आणि मग ‘से अगेन’ ऐकतात. कंट्रोलर जास्त भरभर बोलत असेल तर ‘स्पीक स्लोअर’ म्हणायचा हक्क तुम्हालाही आहे.

कॉल साइन आपणहून तोडू नका. कंट्रोलरने ‘गोल्फ चार्ली डेल्टा’ म्हटल्यावरच तुम्हीही तसं म्हणा. फ्रीक्वेन्सीवर त्याच शेवटाचं दुसरं विमान आहे की नाही हे त्याला ठाऊक असतं, तुम्हाला नाही.

परवानगी नसलेली उत्तरं

‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. यात होकार नाही आणि नकारही नाही. याला उत्तर देऊ नका, बाहेरच थांबा.

‘रॉजर’ म्हणजे तुमचं बोलणं पोहोचलं, इतकंच.

‘स्क्वॉक फोर फाइव्ह टू वन’ म्हणजे ट्रान्सपॉन्डरवर, रडारला विमानाचा कोड कळवणाऱ्या यंत्रावर, ४५२१ हा कोड लावा. कोड परत म्हणून दाखवा आणि लावा. त्यानंतर ‘आयडेंटिफाइड’ असं ऐकू येईल. म्हणजे रडारवर तुम्ही सापडलात. इथेच भलेभले फसतात. कोड मिळाला, ओळख पटली, क्यूएनएच मिळालं, कंट्रोलरचा सूर आपुलकीचा आहे. एवढं सगळं झाल्यावर परवानगी मिळालीच असं मन धरून बसतं. दारावरची बेल ऐकून घरातून कोणी ‘कोण आहे?’ म्हणालं, तर लगेच चपला काढून आत जात नाहीत.

हद्द जवळ येत असेल आणि शंका असेल तर विचारा: ‘कन्फर्म क्लिअर्ड टू एंटर कंट्रोल्ड एअरस्पेस?’ या प्रश्नाला तुमचे दोन सेकंद लागतात आणि कोणताही कंट्रोलर त्यावर चिडत नाही.

उत्तर येत नसेल तर वेग कमी करा किंवा बाहेरच गोल फिरा. फिरताना वाऱ्याकडे लक्ष ठेवा. २० नॉटचा वारा तुम्हाला तीन मिनिटांत एक मैल सरकवतो, तो हद्दीच्या दिशेने असेल तर फिरता फिरताच आत जाल. म्हणून हद्दीला खेटून फिरू नका. दोनेक मिनिटांनी पुन्हा बोलवा. फ्रीक्वेन्सी शांत आहे म्हणजे कंट्रोलर रिकामा आहे असंही नाही. तो दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर किंवा फोनवर असू शकतो.

परवानगी आणि रीडबॅक (परत म्हणून दाखवणं)

आता खरं वाक्य येतं:

‘गोल्फ चार्ली डेल्टा, क्लिअर्ड टू ट्रान्झिट द कंट्रोल झोन, साउथ लेक टू नॉर्थ ब्रिज व्हाया द ओव्हरहेड, व्हीएफआर, नॉट अबव्ह अल्टिट्यूड टू थाउजंड फीट, क्यूएनएच वन झिरो वन फोर, रिपोर्ट साउथ लेक.’

पुन्हा वाचा. तुम्ही २४०० फूट सांगितले होते, मिळाले २००० किंवा त्याखाली. क्यूएनएचही १०१५ नाही, १०१४ आहे. कानाला जे ऐकायची अपेक्षा असते तेच तो ऐकतो. वाट तुमच्याच मागणीसारखी निघाली की आकडेही तसेच असतील असं वाटून जातं. म्हणून बटण दाबण्याआधी आकडे लिहून घ्या. नीबोर्डवर ‘उंची’, ‘क्यूएनएच’, ‘कोड’ असे तीन रकाने पुरतात.

मग परत म्हणा: ‘क्लिअर्ड टू ट्रान्झिट द कंट्रोल झोन, साउथ लेक टू नॉर्थ ब्रिज व्हाया द ओव्हरहेड, व्हीएफआर, नॉट अबव्ह अल्टिट्यूड टू थाउजंड फीट, क्यूएनएच वन झिरो वन फोर, विल्को, गोल्फ चार्ली डेल्टा.’

‘विल्को’ म्हणजे कळलं, तसं करतो. परवानगी, उंची, दिशा, वेग, क्यूएनएच, ट्रान्सपॉन्डर कोड आणि धावपट्टीशी संबंधित सूचना शब्दशः परत म्हणायच्या. वाऱ्याची किंवा दुसऱ्या विमानाची माहिती परत म्हणायची गरज नाही. तुमचं चुकलं तर कंट्रोलर ‘निगेटिव्ह’ म्हणून दुरुस्त करेल, पण त्यासाठी तुम्ही ते म्हटलेलं हवं. नुसत्या ‘रॉजर’ने त्याच्या हाती काहीच लागत नाही.

ठरलेले शब्द सोडून मनचे शब्द वापरले तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण खासगी विमानांचं नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ धडकली आणि ५८३ जण गेले. धुकं होतं, वैमानिकाने आपण काय करतोय ते मोघम शब्दांत सांगितलं होतं, आणि ऐन वेळी दोन प्रक्षेपणं एकमेकांवर आल्याने दोन्ही नीट ऐकू गेली नाहीत. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक झाला.

मिळालेली परवानगी जमण्यासारखी नसेल, म्हणजे २००० फुटांवर ढग असतील किंवा खाली टेकडी असेल, तर ‘अनेबल’ म्हणा आणि कारण सांगा: ‘अनेबल टू थाउजंड फीट ड्यू क्लाउड, रिक्वेस्ट वन थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट.’ ढगांपासूनचं अंतर राखणं तुमचं काम आहे. १०,००० फुटांखाली सी आणि डी वर्गात पाच किलोमीटर दृश्यमानता, ढगांपासून आडवं १५०० मीटर आणि उभं १००० फूट, ही आयकाओची किमान मर्यादा. परवानगी दिली म्हणून कंट्रोलर ती मोडायला सांगत नसतो. शिवाय त्याला तुमच्या आजूबाजूचे ढग दिसतही नाहीत.

नकार आला तर

‘रिमेन आउटसाइड कंट्रोल्ड एअरस्पेस’ ऐकलं की तेच परत म्हणा आणि लगेच वळा. वाद घालू नका. हवं तर एकदाच विचारा, उशीर किती होईल किंवा दुसऱ्या उंचीवरून जमेल का. अनेकदा मागितलेली उंची अडचणीची असते आणि ५०० फूट खालून वाट मिळून जाते. नाहीच जमलं तर नीबोर्डवरची दुसरी वाट धरा.

आत असताना

ठरलेली उंची आणि ठरलेली वाट सोडू नका. बदल हवा असेल तर आधी विचारा. सांगितलेल्या ठिकाणी पोहोचलात की न विसरता कळवा, कारण कंट्रोलरने त्यावर पुढचं काही बेतलेलं असू शकतं.

‘ट्रॅफिक, टेन ओक्लॉक, थ्री माइल्स, लेफ्ट टू राइट, बोइंग सेव्हन थ्री सेव्हन’ असं आलं तर दिसल्यास ‘ट्रॅफिक इन साइट’, न दिसल्यास ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’ म्हणा. दिसलं नसताना दिसलं म्हणणं हा या सगळ्या बोलण्यातला सर्वात धोकादायक भाग आहे. त्या एका वाक्यावर कंट्रोलर पुढे ‘त्याच्या मागून जा’ असं सांगून मोकळा होऊ शकतो. मोठ्या विमानाच्या मागून जाताना त्याच्या वाटेच्या खालून जाऊ नका. पंखांच्या टोकांमागचे भोवरे खाली बसत जातात आणि हलक्या विमानाला उलथवू शकतात.

रेडिओ गेला तर

आधी साध्या गोष्टी बघा: आवाजाची खुंटी, हेडसेटची पिन, फ्रीक्वेन्सी, दुसरा रेडिओ. बोलण्याचं बटण अडकलंय का तेही बघा. ते अडकलं असेल तर तुमच्यासोबत बाकी सगळ्यांचीही फ्रीक्वेन्सी बंद पडते. अनेक रेडिओंवर प्रक्षेपण चालू असल्याचा छोटा दिवा असतो. हद्दीबाहेर असाल तर आत शिरू नका. आत असताना रेडिओ गेला तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० लावा, ‘ट्रान्समिटिंग ब्लाइंड’ म्हणून आपला हेतू सांगत राहा, बाहेर बघून उडता येईल अशाच हवेत राहा आणि जवळच्या योग्य विमानतळावर उतरा. टॉवरवरून स्थिर हिरवा दिवा दिसला तर उतरायची परवानगी, स्थिर लाल दिसला तर इतरांना वाट देऊन घिरट्या घालत राहा.

बाहेर पडताना, आणि चुकून आत गेल्यास

हद्द ओलांडल्यावर बहुधा कंट्रोलर स्वतःच कळवतो आणि युरोपात असाल तर ७०००, अमेरिकेत १२०० कोड लावायला सांगतो. तोवर फ्रीक्वेन्सी सोडू नका. त्याने विसरल्यासारखं वाटलं तर ‘रिक्वेस्ट फ्रीक्वेन्सी चेंज’ म्हणा. उत्तर ऐका, नवी फ्रीक्वेन्सी परत म्हणा, मगच बदला.

विनापरवाना आत शिरलात असं लक्षात आलं तर सर्वात वाईट उपाय म्हणजे ट्रान्सपॉन्डर बंद करून गुपचूप निसटणं. पडद्यावर अनोळखी ठिपका दिसला तरी कंट्रोलर इतर विमानं त्याच्यापासून दूर वळवू शकतो. उंचीशिवायचा किंवा गायब झालेला ठिपका मात्र कुठेही, कोणत्याही उंचीवर असू शकतो असं त्याला धरून चालावं लागतं. लगेच बोलवा, कुठे आहात, किती उंचीवर आहात ते सांगा आणि तो सांगेल त्या दिशेने बाहेर पडा. कुठे आहात तेच कळत नसेल तर तेही तसंच सांगा. त्या भागाची फ्रीक्वेन्सी सापडत नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झवर ‘पॅन पॅन’ असं तीनदा म्हणून बोला. रडारवर तुम्हाला शोधून काढायला त्यांना फारसा वेळ लागत नाही.